जमीनदाराचा वाडा की गरिबांचे झाड?

थोर लेखकांच्या घरांना भेट देणे ही आता सुशिक्षितांची काशीयात्रा होऊन बसली आहे. दोरीपलीकडचे मेज पाहावे, दौत पाहावी, संस्कृतीचा प्रसाद घ्यावा आणि घरी परतावे! मॉस्कोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, तुला शहरानजीक यास्नाया पोल्याना येथेही यात्रेकरूंची रीघ लागते. टॉलस्टॉयांचा जन्म ज्यावर झाला तो कातडी सोफा तेथे आहे, सुमारे २२,००० पुस्तकांचा संग्रह आहे. पण ८२ वर्षांचा हा वृद्ध १९१० साली रात्रीच्या अंधारात याच घरातून निघून गेला आणि थोड्याच दिवसांत अस्तापोव्हो या रेल्वे स्थानकावर मरण पावला, ही गोष्ट मात्र नवराबायकोच्या कलहाची करुण कथा म्हणून सांगून मोकळे होतात.

कलह होताच, परंतु तो कशाचा होता? मिळकतीचा! १८४७ साली वारसाहक्काने या लेखकाच्या हाती जमीन आली, आणि जमिनीबरोबर शेकडो भूदासही आले. मुख्य वाडा त्याच्या जुगाराच्या कर्जापायी १८५४ साली विकला गेला. आज दिसते ती त्या वाड्याची एक बाजूची इमारत. १८५९ साली त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली, तर १८६२ साली झारच्या पोलिसांनी घराची झडती घेतली. घराजवळच्या एल्म वृक्षाखाली गाऱ्हाणी घेऊन येणारे लोक बसत, म्हणून त्याला ‘गरिबांचे झाड’ म्हणत. या घराचा खरा दिवाणखाना तो होता.

१८९१ साली टॉलस्टॉयांनी १८८१ नंतरच्या लेखनावरील हक्क सोडला. जमीन मात्र पुढल्याच वर्षी बायकोमुलांत वाटून टाकली. येथे ते कमी पडले, आणि समाजवाद्यांनी भक्तिभाव बाजूला ठेवून तसे म्हटले पाहिजे. मालकाने हात झटकल्याने मालकी नष्ट होत नाही. ती शेजारच्या हातात जाते. ही चूक दुरुस्त केली त्यांची मुलगी अलेक्झांड्रा हिने. वडिलांच्या मरणोत्तर प्रकाशित लेखनाच्या उत्पन्नातून तिने क्रांतीपूर्वीच कुटुंबीयांकडून इस्टेटीची बरीचशी जमीन विकत घेतली आणि शेतकऱ्यांना देऊन टाकली. साहित्याच्या इतिहासात याहून मोठे मानधन कोणी कोणास दिले असेल?

पुढे १९२१ साली सोविएत शासनाने या घराचे संग्रहालय केले, १९४१ साली जर्मन फौजांनी ते सुमारे दीड महिना बळकावले आणि जाताना आग लावली. आजचे शासन अधिक चतुर आहे. ते जाळत नाही, मिरवते. १९९४ पासून या संग्रहालयाचा कारभार पाहणारे टॉलस्टॉयांचेच वंशज २०१२ साली रशियाच्या राष्ट्राध्यक्षांचे सांस्कृतिक सल्लागार झाले. त्याच राष्ट्राध्यक्षांनी २०२२ साली युक्रेनवर सैन्य धाडले. सेवास्तोपोलच्या तटबंदीवर स्वतः लढलेला आणि पुढे सक्तीच्या लष्करी सेवेस नकार द्या असे तरुणांना सांगणारा लेखक या सत्तेस सोफ्याच्या रूपानेच परवडतो. त्याची शिकवण तिला परवडणारी नाही.

टॉलस्टॉयांची समाधी तेथील जंगलात, एका घळीच्या काठी आहे: गवताने झाकलेला मातीचा उंचवटा, वर ना क्रूस, ना शिळा, ना नाव. यात्रेकरूंनी तेथे अवश्य जावे; आणि वाटेत कोणा वाटाड्यास एवढे विचारावे की, शेतकऱ्यांना दिलेली ती जमीन नेमकी कोठून सुरू होत होती?