सिव्हिलला चालतं, ताम्हिणीला का नाही?

अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला सिव्हिल हॉस्पिटलला जायचं असलं की शेजारचा कुणीतरी मोटरसायकल काढतो. घरचे पोलिओचा पाय उचलून फूटरेस्टवर ठेवतात, कुबड्या हातात देतात आणि सांगतात, "नीट धरून बस रे." रस्ता खड्ड्यांचा, पण धोका कुणाला आठवत नाही. तोच माणूस त्याच सीटवर बसून पावसात ताम्हिणी घाट बघायला निघाला, की लगेच पूर्वपक्ष उभा राहतो : "तुला कशाला उगाच? पडलास म्हणजे?"

पाय तोच, तोलही तोच. मग हरकत धोक्याला नसून मौजेला आहे. अपंगानं कामापुरतं हिंडावं, हा न बोललेला नियम त्यामागे आहे, आणि आम्हांला तो मान्य नाही.

धोका नाहीच, असं कोण म्हणतंय? डावा पाय लुळा असला तर उजवीकडून चढावं लागतं, आणि तापलेला सायलेन्सर बहुतेक गाड्यांना तिकडेच असतो. ज्यांच्या पायाला संवेदनाच नाही त्यांची पोटरी भाजली तरी कळत नाही. म्हणून जाड पँट, घोट्यावर बूट, चालवणाऱ्यानं आधी बसून दोन्ही पाय रोवणं आणि कमरेत जोर नसेल तर पाठीला टेकू. आकडी येणाऱ्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मागे बसू नये. ही सगळी तयारीची यादी आहे. घरी बसवण्याचं कारण म्हणून ती वापरू नये.

तसंही, मागे बसणाऱ्याच्या अडचणीपायी गाडी बदलणं आपल्याला नवं नाही. साडी नेसलेल्या बायका वर्षानुवर्षं एका बाजूला पाय सोडून बसत आल्या. साडी चाकात जाते म्हणून त्यांना कुणी घरी बसवलं नाही. गाडीला साडीगार्ड लागला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम हाताची पकड, फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचं आच्छादन सक्तीचं करतो.

दुसरा आक्षेप जरा शहाण्या सुरात येतो : चालवतो दुसराच, यात तुझी कसली मजा? हे म्हणणारा कधी घाटात डबलसीट बसलेला नसावा. वळणावर मागचा ताठ राहिला तर गाडी बाहेर ओढते. दोघं एकदमच कलले तर ती अलगद वळते. माझ्या पायांना जे जमत नाही ते तिथे माझ्या खांद्यांना आणि कमरेला जमतं, आणि चालवणाऱ्याला ते पाठीवर कळतं. अंध माणसाला तर गिअर पडला की चढ समजतो, हवा गार झाली की झाडी समजते. गाठोडं मागे बांधून नेणं वेगळं. ("मग कारनं जा ना" म्हणणाऱ्यांनी पेट्रोल भरून कार पाठवावी.)

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २९ व्या कलमात मनोरंजनाचा हक्क इतरांच्या बरोबरीनं दिलेला आहे. मोटार वाहन नियमांच्या २०२२ च्या दुरुस्तीनं दुचाकीवरच्या चार वर्षांखालच्या मुलांसाठी चालकाशी जोडणारा पट्टा आला, ताशी ४० किलोमीटरची मर्यादाही आली. पोरांना गाडीवर नेऊच नका, असं सरकार म्हणालं नाही. तसाच मोठ्या मापाचा, चाचणी झालेला पट्टा शोरूममध्ये हेल्मेटशेजारी मिळायला हवा, आणि तो मागायला येणाऱ्याला "कुठल्या हॉस्पिटलला जायचंय?" असं कुणी विचारू नये.