गणवेशाआडचे मत

उधन्याच्या एका वाचक भगिनींनी आम्हांला सविस्तर पत्र लिहून कौल मागितला आहे. त्यांचे चिरंजीव मराठा लाइट इन्फन्ट्रीत नायक आहेत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या दिवसांत ते रजेवर घरी आले असता एका पक्षाचे कार्यकर्ते त्यांना सभेच्या व्यासपीठावर बसण्याचे आमंत्रण देऊन गेले; गणवेशात आलात तर अधिक शोभा येईल, असेही सुचवून गेले. भगिनींचे मामंजी स्वतः निवृत्त हवालदार, आणि त्या पक्षाचे जुने चाहते. त्यांनी नातवाला जाण्याचा आग्रह केला, नातवाने साफ नकार दिला, आणि रजेचे उरलेले दिवस आजोबा-नातवाच्या अबोल्यात गेले. "देशासाठी जीव द्यायचा, पण देशाच्या कारभाराविषयी मत असू द्यायचे नाही, हा कोणता न्याय?" असा मामंजींचा सवाल आहे.

नातवाचे वागणे योग्य होते, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. राज्यघटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने सैन्यदलांतील व्यक्तींच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिलेला आहे. त्यानुसार १९५० च्या लष्कर कायद्यात तरतूद झाली, आणि १९५४ च्या लष्करी नियमावलीतील २० व्या नियमाने सेवेतील माणसाला राजकीय सभेस हजर राहणे, तेथे भाषण करणे, पक्षाचे सभासद होणे किंवा पक्षाला वर्गणी देणे या सर्व गोष्टींची मनाई केली. रजेवर आलेला सैनिक या कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. व्यासपीठावर नुसते बसणे ही मामंजींना लहानशी गोष्ट वाटली असेल. पण तिचा जाब नातवालाच पलटणीत द्यावा लागला असता, आमंत्रण देणाऱ्यांना नव्हे.

एवढ्याने मामंजींचा सवाल मात्र सुटत नाही. सैनिकाला मत असते. ते त्याच्या घरात, गावात, शेतीच्या भावात आणि बापाच्या कर्जात तयार झालेले असते. भरतीच्या दिवशी केस कापतात त्याबरोबर ते कापले जात नाही. मग ते मुके ठेवण्याचा दंडक आपण का स्वीकारला? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकापेक्षा मुंबईच्या बंदरात अधिक चांगले सापडते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या संदेशवहन शाळेतील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि वरिष्ठांची अपमानास्पद भाषा यांविरुद्ध संप पुकारला. दोन-तीन दिवसांत तो जहाजांमागून जहाजांवर पसरत कराचीपर्यंत पोहोचला आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात सामील झाले. या खलाशांनी जहाजांवरून इंग्रजांचे निशाण उतरवून काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र चढवले. गणवेशाखाली किती प्रकारची मते नांदत होती, ते त्या एका देखाव्याने साऱ्या मुंबईला दाखवून दिले. गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभा राहिला, गोळीबार झाले, परळच्या कमल दोंदे यांच्यासह दोनशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. अखेर सरदार पटेलांनी खलाशांना शस्त्रे खाली ठेवण्याचा सल्ला दिला आणि २३ तारखेला संप मागे घेण्यात आला.

सरदारांच्या या सल्ल्याबद्दल तेव्हाही अनेकांनी त्यांना बोल लावले, आजही लावतात. त्यांची भूमिका मात्र स्पष्ट होती. सैन्याच्या शिस्तीशी खेळ करता येणार नाही, कारण स्वतंत्र हिंदुस्थानालाही सैन्य लागणार आहे, असे त्यांनी त्या दिवसांत लिहून ठेवले आहे. संपानंतर शेकडो खलाशी नोकरीतून काढले गेले आणि स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही. आझाद हिंद सेनेच्या वीरांचीही तीच गत झाली. १९४५ मध्ये लाल किल्ल्यातील खटल्यात त्यांच्या बचावासाठी पंडित नेहरूंनी वकिलाचा झगा पुन्हा अंगावर चढवला होता. पण त्याच नेहरूंच्या सरकारने त्यांना सैन्यात पुन्हा रुजू करून घेतले नाही. आमच्या मते त्या माणसांवर अन्याय झाला. ज्या घरांतून ते गेले त्या घरांनी तो भोगला. तरीही त्या निर्णयामागचे भय खोटे नव्हते, हे शेजारच्या देशाचा १९५८ नंतरचा इतिहास पाहिला म्हणजे कळून येते.

सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले हे आझाद हिंद सेनेचे चीफ ऑफ स्टाफ. त्यांना पलटणीचा दरवाजा बंद झाला, तेव्हा त्यांनी मतपेटीचा दरवाजा ठोठावला. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे रत्नागिरीकडून लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. गणवेश उतरवल्यावर राजकारणात पडण्याचा हा सरळ मार्ग आहे आणि त्याला कोणाचीही हरकत असू नये.

सेवेतील माणसाचे सरकारशी पटले नाही तर त्याने काय करावे, याचाही एक धडा आपल्याच माणसाने घालून दिला आहे. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात हे १९६१ पर्यंत पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीनच्या सरहद्दीवरील आपली दुर्बलता त्यांनी १९६० सालच्या सरावातून आणि अहवालांतून वरिष्ठांपुढे मांडली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना ती पटली नाही. त्यापूर्वी, १९५९ मध्ये, सरसेनापती थिमय्या यांनी याच मंत्र्यांशी बेबनाव होऊन राजीनामा दिला आणि नेहरूंच्या आग्रहावरून परतही घेतला होता. थोरातांनी जे सांगायचे ते कागदावर आणि योग्य टेबलावर सांगितले. सभा घेतली नाही, पत्रकार गाठले नाहीत. १९६२ मध्ये काय झाले ते सर्वश्रुत आहे. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या आठवणींचे पुस्तक आले ते १९८६ साली. इतका संयम सर्वांना साधावा असे आम्ही म्हणणार नाही.

आता मामंजींकडे वळू. ते निवृत्त आहेत. २० व्या नियमाचा त्यांच्यावरचा अंमल केव्हाच संपला. त्यांनी व्यासपीठावर बसावे, भाषण करावे, हवे तर निवडणूक लढवावी. परंतु "आम्ही फौजी लोक अमक्याच पक्षाचे" असे जे ते पत्रातून बोलताना दिसतात, ते आम्हांला मान्य नाही. मराठी माणसाचा अनुभव त्याच्या अगदी उलट आहे. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर घाव घातला आणि महारांची बंद झालेली लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज तयार केला. दापोली-महाडच्या परिसरातील फौजी पेन्शनरांची ही पिढी नसती, तर १९२७ चा महाडचा लढा इतक्या लवकर उभा राहता ना. पलटणीत सुभेदार-जमादार होऊन लिहायला-वाचायला शिकलेला माणूस गावात परतल्यावर वेशीबाहेर उभा राहायला तयार होत नाही. त्याचे राजकारण तेथून सुरू होते.

पुढच्या काळातली उदाहरणे पाहावीत. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून शिवसेनेच्या पाठिंब्यावर लोकसभेला उभे राहिले आणि पडले. मुंबईकरांनी त्यांना सलाम केला, मत दिले नाही. ब्रिगेडियर सुधीर सावंत १९९१ मध्ये काँग्रेसतर्फे राजापुरातून निवडून आले. १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लष्करी वाहन चालवणाऱ्या अण्णा हजाऱ्यांनी राळेगणसिद्धीहून दिल्लीपर्यंत आंदोलन नेले आणि पक्ष मात्र कोणताच पत्करला नाही. नौदलप्रमुखपदावरून निवृत्त होऊन अलिबागजवळ वास्तव्य केलेले ॲडमिरल रामदास भारत-पाक मैत्रीच्या चळवळीत पडले व पुढे आम आदमी पक्षाचे अंतर्गत लोकपाल झाले. आणि माजी लष्करप्रमुख व्ही. के. सिंग २०१४ मध्ये भाजपतर्फे गाझियाबादहून खासदार झाले. यात "फौजी लोकांचा पक्ष" कोणता म्हणायचा?

माजी सैनिक एकमुखाने बोलले ते पेन्शनच्या प्रश्नावर. 'एक पद, एक निवृत्तिवेतन' ही मागणी दीर्घकाळ भिजत पडली होती. सप्टेंबर २०१३ मध्ये रेवाडी येथे माजी सैनिकांच्या प्रचंड मेळाव्यात श्री. नरेंद्र मोदींनी ती उचलून धरली. तरी २०१५ च्या जूनपासून वृद्ध सैनिकांना जंतरमंतरवर धरणे धरावे लागले, तेव्हा त्या वर्षाच्या नोव्हेंबरात आदेश निघाला. यात पक्षप्रेमापेक्षा पोटाचा प्रश्न मोठा होता. चाळिशीच्या आत सेवेतून मोकळा झालेला शिपाई इथल्या रिंग रोडवरच्या कापड बाजाराच्या दारात रात्रपाळीचा पहारा करतो, तो हौसेखातर नव्हे. २०२२ च्या अग्निपथ योजनेने तर चारांपैकी तिघांना चार वर्षांनी, पेन्शनविना, घरी पाठवण्याचे ठरवले. पहिली तुकडी २०२३ च्या आरंभी दाखल झाली. म्हणजे तिची चार वर्षे २०२७ च्या आरंभी भरतात. पंचविशीच्या आतबाहेरचे, शिस्तीत वाढलेले आणि बोलायला मोकळे झालेले हे तरुण गावोगाव आले की माजी सैनिकांच्या राजकारणाचा सूर बदलेल, असा आमचा अंदाज आहे.

मामंजींनी व्यासपीठावर जावे, पण पदके घरी ठेवून जावे, असे आम्हांला वाटते. ती त्यांची आहेत हे खरे. परंतु ती देताना सरकारने त्यांचा पक्ष विचारला नव्हता, आणि त्यांच्या शेजारी खंदकात बसलेल्या माणसाचा पक्षही त्यांनी विचारला नसेल. मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने जवानांची छायाचित्रे प्रचारात वापरू नका, अशी ताकीद सर्व पक्षांना दिली. त्यानंतर काही दिवसांतच उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी सैन्याला पंतप्रधानांच्या नावाची सेना म्हटले; एप्रिलमध्ये दीडशेच्या वर माजी सैनिकांच्या नावांचे निषेधाचे पत्र राष्ट्रपतींना उद्देशून प्रसिद्ध झाले, तर त्यातल्या काहींनी आपण सही केलीच नसल्याचे सांगितले. निवृत्त सेनानींचे नाव दोन्ही बाजूंना किती हवेसे असते, ते यावरून दिसले.

सैनिकाच्या मताला खरी जागा आहे ती मतपत्रिकेत, आणि तिच्याविषयी आपल्या घरांतून फार कमी माहिती असते. सैनिकाची नोंद 'सेवा मतदार' म्हणून होते. २०१९ मध्ये देशात असे १८ लाखांवर मतदार होते. पूर्वी त्यांची मतपत्रिका टपालाने जायची आणि बऱ्याचदा मतमोजणीनंतर परत यायची. २०१६ पासून ती तारायंत्राच्या नव्या अवताराने, म्हणजे संगणकावरून, ठाण्यात पोहोचते. परत मात्र टपालानेच येते. मोजताना ती निवडणूक-कर्मचाऱ्यांच्या आणि घरून मतदान करणाऱ्या वृद्धांच्या टपाली मतांत मिसळून जाते. म्हणून "सैनिकांची मते आम्हांलाच" असे कोणत्याही पक्षाचा पुढारी सांगू लागला, तर त्याला ते कळण्याची सोय नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

याशिवाय २००३ पासून सैनिकाला आपल्या वतीने मत देण्यासाठी प्रतिनिधी नेमता येतो. हा प्रतिनिधी केंद्रावर जाऊन स्वतःचे मत देतो तेव्हा तर्जनीला शाई लागते, आणि सैनिकाचे मत देतो तेव्हा डाव्या हाताच्या मधल्या बोटाला. बहुधा हा प्रतिनिधी वडील, भाऊ किंवा आजोबा असतो. येथे घराची खरी कसोटी आहे. सरहद्दीवरून मुलाने एक चिन्ह सांगितले आणि बापाला दुसरे प्रिय असले, तर पडद्याआड त्या बापाला पाहणारे कोणी नसते. ज्या घरात हा विश्वास नसेल, तेथे प्रतिनिधी न नेमता टपाली मतच पत्करावे.

आपल्यासारख्या परप्रांती स्थिरावलेल्या कुटुंबांपुढे आणखी एक अडचण येते. बाप चाळीस वर्षे लिंबायतला किंवा पांडेसऱ्याला राहतो, पण मुलाच्या फौजी कागदांवर पत्ता अद्याप अमळनेर तालुक्यातला असतो. मग मुलाची मतपत्रिका जळगावची येते. प्रतिनिधी त्याच मतदारसंघाचा रहिवासी असावा लागतो, त्यामुळे सुरतेतला बाप त्या कामी चालत नाही. गावच्या काकाला विचारावे लागते. सेवा नसती तर आपण कोठे राहिलो असतो, हे सैनिकाने नमुना २ मध्ये स्वतः लिहून द्यायचे असते, म्हणून सुरत की गाव हा निर्णय त्याचा आहे. सैनिकाबरोबर राहणारी पत्नीही त्याच यादीत येते; स्त्री-अधिकाऱ्याच्या पतीला मात्र हा हक्क २०२१ च्या दुरुस्तीनंतरच मिळाला.

पत्ता कोणता लिहावा याचे महत्त्व २०२४ मध्ये आपल्याच शहराने दाखवून दिले. सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली, आणि २२ एप्रिल रोजी भाजपचे उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्या मतदारसंघात नोंद असलेल्या सैनिकांच्या ठाण्यावर त्या वर्षी लोकसभेची मतपत्रिका गेलीच नाही. उधना, लिंबायत, मजुरा आणि चोर्यासी हे भाग नवसारी मतदारसंघात मोडतात. तेथे ७ मे रोजी मतदान झाले आणि तेथल्या सेवा मतदारांनाही मत देता आले. उधन्याच्या भगिनींच्या चिरंजीवांचे नाव कोणत्या यादीत आहे, ते त्यांनी पत्रात लिहिलेले नाही. तेवढे एकदा तपासून घ्यावे.