भोक पाडलेलं इंजिन

२०१९ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आमच्याकडे ओहायोला आले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या म्युनिसिपालटीने दोन जुने डिझेल ट्रक बदलायचे ठरवले होते. एक कचऱ्याचा, एक हिवाळ्यात बर्फ ढकलणारा. त्यासाठी केंद्र सरकारचं अनुदान मिळणार होतं. मी जेवताना बाबांना कौतुकाने सांगायला गेलो आणि एका अटीवर गाडी अडली. जुन्या ट्रकच्या इंजिन ब्लॉकला तीन इंची भोक पाडायचं, चासीचे दोन्ही दांडे कापायचे आणि त्याचे फोटो सरकारला पाठवायचे. मगच पैसे.

"चालू इंजिनाला भोक?" बाबांनी घास खाली ठेवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बाबांनी सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या गॅरेजात एकतीस वर्षं डिझेल इंजिनं उतरवली आणि चढवली. मेलेलं इंजिन जिवंत करणं हे त्यांच्या लेखी पुण्याचं काम. आमच्या घरात तुटकी बादलीसुद्धा कुंडी होऊन आणखी दहा वर्षं जगते. तेव्हा त्यांना ही अट म्हणजे अमेरिकन माज वाटला. खरं सांगू? पहिल्यांदा वाचल्यावर मलाही तसंच वाटलं होतं.

हे अनुदान २००५ च्या एका कायद्यातून आलं. तो पुढे रेटणारे सिनेटर जॉर्ज व्हॉइनोविच आमच्या ओहायोचेच, एकेकाळचे क्लीव्हलंडचे महापौर, आणि पक्षाने रिपब्लिकन. (हो, असंही होत असे!) कारण साधं होतं. २००७ पासूनच्या नव्या इंजिनांना काजळीची मर्यादा आधीच्या एक दशांशावर आणली गेली, पण नियम फक्त नव्यांना. डिझेल इंजिन तर पंचवीस-तीस वर्षं मरत नाही. जुनं रस्त्यावरून हटवायचं तर कुणीतरी पैसे द्यायला हवेत.

जुन्यालाच गाळणी बसवता येत नाही का, हा बाबांचा पुढचा प्रश्न. येते, आणि तिचे पूर्ण पैसेही मिळत. पण गाळणीत साठलेली काजळी जळायला ताव लागतो. कचऱ्याचा ट्रक दर दहा पावलांवर थांबणारा, त्याचा सायलेन्सर तापणार कधी? गाळणी तुंबते. हे मात्र बाबांना माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं.

मग मी विचारलं, "भोक न पाडता हा ट्रक लिलावात विकला, तर कुठे जाईल?"

बाबा गप्प. कारण लिलावातले ट्रक त्यांच्याच गॅरेजात यायचे. सरकारी खात्याने निकाली काढलेले, कुणीतरी स्वस्तात उचललेले. बाबा ते उभे करत आणि पुढची दहा वर्षं ते खडी, वाळू, ऊस ओढत. धूर कमी झालाच नाही, श्रीमंताच्या अंगणातून गरिबाच्या अंगणात गेला. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला, तो धूर. बाबांचा थंडीतला खोकला कशाचा, हे डॉक्टरांनी कधी नेमकं सांगितलेलं नाही. आम्हीही फार विचारलेलं नाही...

म्हणून माझं मत असं बनलं, की या सगळ्या योजनेत ते भोक हीच मोलाची गोष्ट. नवा ट्रक काय, आज ना उद्या घेतलाच असता.

माझी तक्रार दुसरीच आहे. नव्या डिझेल ट्रकला अनुदान किमतीच्या पाव हिस्सा, विजेच्या ट्रकला ४५ टक्के. म्हणजे तीन लाख डॉलरचा ट्रक घेताना सव्वादोन लाख गावाने घालायचे. ज्या गावाकडे ते आहेत ते अर्ज करणार, आणि ज्याच्याकडे रस्त्याचे खड्डे बुजवायला पैसे नाहीत ते जुनाच ट्रक ओढत राहणार. फोक्सवॅगनच्या लबाडीनंतर तिच्याकडून जो सुमारे २.९ अब्ज डॉलरचा निधी उभा राहिला, त्याच्या नियमांत सरकारी ट्रकसाठी शंभर टक्क्यांपर्यंत मदतीची सोय होती. मला तो नियम जास्त शहाणा वाटतो. अर्ज चांगला लिहिणाऱ्याला बक्षीस देण्यापेक्षा सगळ्यात काळा धूर कुठे आहे ते बघून पैसे द्यावेत. बाबांच्या मते सरकारला हे कळेल तेव्हा ते पाहायला आपण नसू. असो.

आपल्याकडेही १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द करून त्या नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यायचा नियम आला. मी ती बातमी बाबांना फोनवर वाचून दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुमच्या तिकडे त्या ट्रकचे टायर तरी काढून घेऊ देतात ना?"

देतात. टायर, सीटा, बर्फ ढकलायचं पातं, सगळं काढून घेता येतं.

"मग ठीक आहे," म्हणाले.