आश्रय पिकाची पुडी आणि सोप्या सुधारणेचा वाद

राष्ट्रीय मानक जितके कडक तितके शेतकऱ्याचे संरक्षण अधिक, आणि ते सोपे करणे म्हणजे कंपन्यांपुढे मान तुकवणे, असे मत बियाण्यांच्या नियमांविषयी वारंवार मांडले जाते. हे मत सद्भावनेतून आलेले असले, तरी जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीसारख्या कापूस पिकवणाऱ्या गावांच्या शिवारात ते टिकत नाही.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारक विष झाडातच तयार होणाऱ्या कापसाला, परवानगी देताना केंद्राने अशी अट घातली होती, की बीटी पिकाभोवती बिगर-बीटी कापसाच्या 5 ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या 20 टक्के, यांपैकी जे अधिक असेल तितकी लागवड करावी. या पट्ट्याला आश्रय पीक म्हणतात. त्यावर वाढलेल्या अळ्यांना बीटीचे विष लागत नाही, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि त्यामुळे अळीच्या पुढच्या पिढ्यांत प्रतिकारशक्ती पसरण्याचा वेग मंदावतो. शास्त्र निर्दोष होते, आणि त्यानुसार 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅमची वेगळी पुडीही दिली जात असे. मात्र कोरडवाहू शेतकरी आपल्या थोडक्या रानाचा पाचवा हिस्सा बोंडअळीसाठी राखून ठेवील, हे गृहीतकच भाबडे होते. पुष्कळ पुड्या एक तर फेकल्या गेल्या किंवा नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरण्यात खपल्या. गुलाबी बोंडअळीने बीटीच्या पहिल्या विषाला दाद देणे सोडल्याचे 2010 मध्ये गुजरातेतून जाहीर झाले, 2017 च्या खरिपात महाराष्ट्रातील बोंडे पोखरली गेली, आणि यातील बहुतेक काळ कडक अट कागदावर शाबूत होती.

बियाण्यांची मानके बदलण्याचा मार्ग मात्र आखूड आहे. बियाणे अधिनियम, 1966 च्या कलम 6 नुसार केंद्र सरकार, केंद्रीय बियाणे समितीशी विचारविनिमय करून, उगवणशक्ती व शुद्धता यांच्या किमान मर्यादा राजपत्रातील अधिसूचनेने ठरवू शकते. त्यासाठी संसदेत विधेयक आणावे लागत नाही. (याच अधिनियमात पहिल्या अपराधाला कमाल 500 रुपये दंड आहे, यावरून कडकपणाची खरी किंमत कळावी.) 2016 मध्ये अधिसूचनेनेच बिगर-बीटी बियाणे 5 ते 10 टक्के प्रमाणात बीटीच्याच पाकिटात मिसळण्याची मुभा मिळाली.

या मिश्रणावरचा एक आक्षेप मात्र दुर्लक्षिण्याजोगा नाही. गुलाबी बोंडअळी बोंडातील सरकी खाते, आणि शेजारच्या बीटी झाडाचे पराग लागल्यास बिगर-बीटी बोंडातही काही सरकी विषारी होते. त्यामुळे आश्रय अपुरा पडतो. तथापि चीनमध्ये संकरित कापसाच्या दुसऱ्या पिढीचे, म्हणजे आपोआप मिसळलेले, बियाणे पेरले गेल्यावर याच अळीची प्रतिकारशक्ती घटल्याचे आढळले. त्यामुळे मिश्रण मुळातच निरर्थक आहे, असे म्हणता येत नाही.

खरा दोष सोपेपणात नसून उशिरात आहे. पुड्या वाया जात असल्याचे उघड असताना अट तशीच ठेवली गेली, आणि ती बदलली तेव्हा अळी प्रतिकारक होऊन चुकली होती. अधिसूचनेचा आखूड मार्ग सरकारने जरूर वापरावा. पण संसदेतील चर्चा टळते त्या बदल्यात प्रत्येक सुधारणेसोबत तिचे कारण आणि फेरतपासणीची तारीख राजपत्रातच छापली जावी, आणि ती तपासणी परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थेने प्रयोगशाळेबरोबरच शेतकऱ्यांच्या रानातही करावी.