नांगराची रांगोळी

अनंत चतुर्दशीला पुण्यनगरीत मानाच्या गणपतींपुढे रांगोळीच्या पायघड्या घातल्या जातात. शिरगोळ्याची भुकटी, थोडे रंग आणि चिमटीचे कौशल्य एवढ्या भांडवलावर रस्त्याला देवघराची कळा येते. आणि पालखी पुढे सरकताच ते सारे पुसले जाते. ही शोभा पाहताना आमच्या मनात आलेली एक सूचना भाविकांपुढे ठेवतो. त्या पायघड्यांत एक रांगोळी हे गाव वसविणाऱ्यांसाठी असावी.

गाव प्राचीन खरे. राष्ट्रकूटांच्या इ. स. ७५८ च्या ताम्रपटात 'पुण्य विषय', म्हणजे पुण्य प्रांत, असा उल्लेख आहे. परंतु इ. स. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने ते बेचिराख केले. गाढवांचा नांगर फिरवून भूमीत पहार ठोकली, असे सांगतात. पुढे मातोश्री जिजाऊसाहेब बालशिवाजींसह येथे आल्या. त्यांनी कसबा गणपतीचे देऊळ उभारले आणि त्याच भूमीत सोन्याच्या फाळाचा नांगर फिरविला, ही कथा घराघरांत सांगितली जाते.

मात्र सोन्याचा फाळ शुभारंभापुरता. त्यानंतर लोखंडी फाळ वर्षानुवर्षे कोणी धरला? ओसाड आळीत पहिली चूल कोणी पेटविली? शापाचे भय गिळून मुलाबाळांसह येथे राहावयास आलेल्या कुणब्या-कुंभारांचे नाव आज कोण घेतो? पुतळा नामवंतांचा होतो. अनामिकांना रांगोळीच शोभते. कारण ती काढणारी माउलीही तिच्याखाली आपले नाव लिहीत नाही.

कोणी म्हणेल, थोरांची चित्रे पायदळी येतील. आक्षेप रास्त आहे. म्हणून मुखे काढूच नयेत. नांगर, बैलजोडी, चूल आणि कुंभाराचे चाक एवढेच रेखावे, आणि त्यावर पहिली पावले गणरायाची पालखी वाहणाऱ्यांची पडावीत. पुसले जाण्याचा विषाद कशाला? ज्या पार्थिव मूर्तीत आपण प्राणप्रतिष्ठा करतो, तिचेही विसर्जन करतोच. दगडी स्मारक उभारून माणसे विसरावयास मोकळी होतात. रांगोळी दरवर्षी काढावी लागते, म्हणून स्मरणही दरवर्षी करावे लागते.

आणि हे स्मरण रस्त्यावरच थांबू नये. आजही खेड्यापाड्यांतून माणसे पोटासाठी या शहरात येतात, उघड्या माळावर चूल मांडतात. त्यांना 'उपरे' म्हणण्यापूर्वी आपल्या पूर्वजांची पहिली चूल आठवावी. मिरवणुकीच्या गर्दीत असा कोणी दर्शनासाठी मागे उभा असेल, तर त्याला पुढे घ्यावे. ग्रामदैवताला ती पूजा अधिक पोचेल.