अकरांपैकीं सहा गेले

वैशाख लागला कीं आमच्या किनवटास दोन गोष्टी हटकून होतात. पैनगंगेचें पात्र आटून खडक उघडे पडतात, आणि गांवांतल्या मुलांचा फुटबॉलचा संघ मोडतो. पहिल्या गोष्टीला मृगाचा उपाय आहे. दुसरीला दरवर्षीं माणसांनाच कांहींतरी करावें लागतें. हें सदर सहसा घर, शिक्षण आणि ग्रंथ यांच्या बाहेर जात नाहीं. तेव्हां फुटबॉल येथें कसा शिरला, असें वाचकांस वाटेल. पण ज्या घरांत सतरा वर्षांचा पुतण्या आहे, त्या घरांत तो कोणाला न विचारतांच शिरतो, हा पुष्कळांचा अनुभव असेल.

यंदा पाडव्याला संघांत अकरा गडी होते; अक्षय्यतृतीयेला पांच उरले. बारावीची परीक्षा संपतांच गोली पुण्यास एका कारखान्यांत लागला. दोन बॅकांपैकीं एक हैदराबादेस गेला, दुसरा लातुरास वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वर्गांत जाऊन बसला. मधला हाफबॅक नांदेडास गेला, उजवा फॉरवर्ड लष्करभरतीच्या तयारीस लागला, आणि डावखुरा, ज्याच्या एका पायावर निम्मा खेळ चाले, तो मामाकडे नागपुरास. यांत कोणाचाच दोष नाहीं. लहान गांवांतलीं मुलें मोठीं झालीं कीं बाहेर जावयाचींच, आणि तीं गेलीं याचाच आईबापांस आनंद असतो. परंतु गेला तो केवळ एक एक खेळाडू नव्हे. गोलीनें ‘माझा!’ म्हणून हांक दिली कीं बॅकानें मागें न पाहतां बाजूला व्हावयाचें, हा विश्वास तीन पावसाळे एकत्र चिखल खाल्ल्यावर येतो. नवा गोली कितीहि चपळ आणला तरी पहिले दोन महिने तो आणि बॅक एकमेकांवर आदळणारच.

आमचे थोरले बंधु, ज्यांस सारें घर नाना म्हणतें, त्यांना ही बातमी जेवतांना समजली. नानांनीं तीस वर्षें गणित शिकविलें आहे. ते म्हणाले, “आपोआप मोडला तें उत्तम झालें. यंदां बारावीचें वर्ष. पाय पुरे, आतां डोकें चालवा.” पुतण्या मान खालीं घालून ताक पीत राहिला. वहिनींनीं माझ्याकडे पाहिलें, मीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलें. एकत्र कुटुंबांत चुलत्याचें स्थान मोठें अवघड असतें: मुलाच्या बाजूनें बोललों तर भावाचा अवमान, भावाच्या बाजूनें बोललों तर पोर पुन्हां आपल्यापाशीं मन मोकळें करीत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें एक हकीकत वाचून दाखविली. लंडनच्या नैर्ऋत्येचें विम्बल्डन आपण टेनिसमुळें ओळखतों. तेथील फुटबॉल क्लबानें १९८८ सालीं लिव्हरपूलसारख्या बलाढ्य संघास हरवून एफ. ए. चषक जिंकला होता. पुढें मालकांनीं क्लब पन्नासांहून अधिक मैल दूर मिल्टन कीन्स येथें नेण्याचें ठरविलें, आणि २००२ च्या मे महिन्यांत त्यांस तशी परवानगी मिळाली. विम्बल्डनच्या लोकांनीं काय करावें? त्यांनीं अवघ्या दोन दिवसांत आपला निराळा क्लब काढला, आणि जूनच्या अखेरीस गांवच्या मोकळ्या माळावर ‘ज्याला खेळावयाचें असेल त्यानें यावें’ अशी जाहीर हांक दिली. सुमारें २३० जण आले. त्यांतून संघ निवडला. १० जुलैला पहिला मैत्रीचा सामना झाला, त्यांत चार गोलांनीं सडकून हार खाल्ली. पण तो पाहावयास साडेचार हजारांवर माणसें जमलीं होतीं. अगदीं खालच्या, प्रांतिक दर्जाच्या लीगमध्यें त्यांनीं आरंभ केला. २००३-०४ च्या हंगामांत लीगचा एकहि सामना ते हरले नाहींत, २०११ सालीं इंग्लंडच्या मुख्य फुटबॉल लीगमध्यें पोहोंचले, आणि २०२० सालीं आपल्या जुन्या भागांत नवें मैदान बांधून परतले. क्लब आजहि प्रेक्षकांच्याच मालकीचा आहे.

“काका, त्यांच्यापाशीं एकहि गडी नव्हता. आपल्यापाशीं पांच आहेत,” पुतण्या म्हणाला. ओटीवर नाना वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं पान उलटलें आणि म्हटलें, “त्यांच्यापाशीं साडेचार हजार बघे होते. तुमच्यापाशीं तीन म्हशी आणि तुझा काका.”

थट्टा मीं गिळली. परंतु तिच्यांत तथ्य होतें. संघामागें कांहीं असावें लागतें. दोन वर्षांपूर्वीं लग्नाच्या निमित्तानें कोल्हापुरास गेलों असतां राजर्षी शाहू स्टेडियमवर एक सामना पाहण्याचा योग आला होता. कुस्तीच्या तालमींनीं फुटबॉलचे संघ उभारावेत, ही त्या शहराची खास तऱ्हा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशीं नांवें ऐकून परक्याला हा आखाड्याचा फड वाटावा! शेजारीं बसलेल्या वृद्ध गृहस्थांनीं मला समजावून सांगितलें कीं, उन्हाळ्यानंतर नवा हंगाम येईपर्यंत तेथेंहि गडी इकडचे तिकडे होतात. बाहेरगांवचे येतात, आफ्रिकेंतून आलेलेहि कांहीं खेळून गेले. आपल्या पेठेचें पोर शेजारच्या पेठेकडून खेळूं लागलें तर गल्लींत महिनाभर अबोला चालतो. “पण तालीम जागची हलत नाहीं,” असें ते म्हणाले. पहिल्या अकरांच्या पाठीमागें गल्लींत दहा-बारा वर्षांचीं पोरें तोच रंग अंगांत घालून चेंडूमागें धांवत असतात. अशाच शहरांतून, रिक्षाचालकाच्या घरचा अनिकेत जाधव २०१७ सालीं सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेंत भारताकडून खेळला. आमच्या किनवटाच्या संघाचें दुखणें मला तेव्हां उमगलें नव्हतें, तें आतां उमगलें. आमच्या अकरांमागें कोणीच नव्हतें. सारे एकाच इयत्तेचे, एकदमच आले आणि एकदमच गेले.

आणखी एक गोष्ट नानांना सांगावी असें वाटलें. कारण ती आमच्या जुन्या राजधानीची आहे. १९५६ पर्यंत किनवट तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत होता. वडिलांच्या पिढीचें कोर्टकचेरीचें व दवाखान्याचें काम तिकडेच असे. त्या हैदराबादेंत सय्यद अब्दुल रहीम नांवाचे एक शिक्षक होऊन गेले. १९४३ पासून १९६३ मध्यें निधन होईपर्यंत तेथील फुटबॉलची सूत्रें त्यांच्या हातीं होतीं. त्यांनीं घडविलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. त्यांच्या शिकवणीखालीं भारतानें १९५१ सालीं दिल्लीस आणि १९६२ सालीं जकार्तास आशियाई सुवर्णपदक मिळविलें, आणि १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकांत चौथा क्रमांक. अलीकडे २०२४ सालीं त्यांच्यावर ‘मैदान’ नांवाचा चित्रपट निघाला, तो पुष्कळांनीं पाहिला असेल. मला मात्र त्यांची एक साधी युक्ति फार आवडते. मुलांसाठीं ते असे सामने भरवीत कीं त्यांत ज्याचा जो पाय कच्चा, त्याच पायानें त्यानें चेंडू मारावयाचा. पदकांच्या मुळाशीं असली शाळामास्तरी चिकाटी होती.

नानांनीं वर्तमानपत्र खालीं ठेवलें. “शिक्षक होते?” एवढेंच विचारलें. मी “होय” म्हणालों. आम्हां दोघांत त्या विषयावर तेवढेंच बोलणें झालें. परंतु रात्रीं पुतण्याला बोलावून त्यांनीं अट घातली: पहाटे साडेपांच ते सात खेळावें, साडेसातला गणिताची वही घेऊन ओटीवर हजर असावें. एक दिवस चुकला तर चेंडू त्यांच्या कपाटांत जाईल.

मग हांक दिली गेली. पहिल्या दिवशीं नऊ मुलें आलीं, आठवड्याच्या अखेरीस एकोणीस. त्यांत आठवी-नववींतलींच पुष्कळ. दोन मुलीहि आल्या. त्यांचा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे आणि तो मी टाळणार नाहीं. डावखुरा गेला म्हणून रडत बसण्याऐवजीं रहीमसाहेबांची युक्ति उचलून पुतण्यानें आठ दिवस सर्वांना डाव्या पायानेंच खेळावयास लाविलें. तो देखावा पाहून म्हशीहि थबकत असाव्यात. मात्र आठव्या दिवशीं दोन पोरांचे डावे पाय जरा माणसांत आले, असें माझ्यासारख्या अडाण्यासहि दिसलें.

गोलाच्या खांबांची कथा निराळी. नियमानें गोलाची रुंदी चोवीस फूट व उंची आठ फूट हवी. भोंवतीं सागाचें एवढें थोरलें रान, आणि आमचे खांब बाजारांतून विकत घेतलेल्या बांबूंचे! ते रोवण्यास एका संस्थेचें पडीक मैदान मागितलें, तर ‘गवत खराब होईल’ असें उत्तर मिळालें. गवत तेथें माझ्या आठवणींत कधीं उगवलेलें नाहीं. अखेर नदीकाठच्या गायरानांतच खांब उभे राहिले.

सर्वांत बिकट जागा गोलीची. तीन जण पाहून झाले. एकाला चेंडूची भीति वाटे, दुसऱ्याला मुळींच वाटत नसे, आणि तिसरा आजीच्या धाकानें मातींत पडावयास तयार नव्हता. तेवढ्यांत कोणीतरी आश्रमशाळेच्या एका मुलाचें नांव काढलें. इस्लापूरच्या बाजूच्या एका गोंड वस्तीवरचा पोरगा, शाळेंत व्हॉलीबॉल खेळे, हात लांब, उडी उत्तम. परंतु आश्रमशाळेला सुट्टी लागलेली, आणि मे महिना म्हणजे तेंदूपानांचा हंगाम. पानें पहाटे तोडावीं लागतात, मग दिवसभर पुडे बांधून संध्याकाळीं संकलन केंद्रावर मोजून द्यावयाचीं. त्या चार आठवड्यांच्या मिळकतींतून घरचें बीबियाणें येतें. आमच्या सरावाची जी वेळ, तीच त्याच्या घरच्या कमाईची. पुतण्या प्रथम चिडला, “एवढ्याशा पानांसाठीं!” म्हणाला. त्याला घेऊन मी स्वतः त्या वस्तीवर गेलों. पहाटे सहाला मुलाची आई, दोन बहिणी आणि तो, चौघांच्या पाठीवर पानांचीं गांठोडीं होतीं. परततांना आगगाडींत पुतण्या कांहीं बोलला नाहीं. घरीं येऊन त्यानें वहींत सरावाचें वेळापत्रक खोडलें आणि गोलीच्या नांवापुढें ‘जून’ असें लिहिलें.

जूनमध्यें दुसरी अडचण. शाळा उघडावयास अवकाश होता, वस्तीवरून पहाटे साडेपांचला येण्यास साधन नाहीं. मुलानें किनवटांत राहावयाचें, तर कोठें? हा प्रश्न घरांत कोणीं उघड मांडला नाहीं. तो जेवतांना पानाभोंवतीं नुसता फिरत राहिला. आमचें घर सुशिक्षित आहे, पण सुशिक्षित घरांतहि माजघराच्या उंबऱ्यासंबंधीं कांहीं गोष्टी न बोलतां ठरलेल्या असतात, हें मान्य केलें पाहिजे. मीं नानांकडे पाहिलें, नाना आईकडे पाहूं लागले. आईचें वय अठ्ठ्यायशी. वहिनी तेवढ्यांत उठल्या. त्यांनीं माळ्यावरची गादी काढून उन्हांत टाकली, आणि कोणासच उद्देशून नव्हे असें म्हणाल्या, “ओटीलगतच्या खोलींतलें जुनें सामान आज हलवून टाका.”

मुलगा मृगाच्या आदल्या दिवशीं आला. हातांत एक पिशवी, तिच्यांत कपडे आणि आईनें दिलेलीं मोहाचीं वाळलेलीं फुलें. पुण्याला गेलेल्या जुन्या गोलीनें आपले हातमोजे पुतण्यापाशीं ठेवले होते, ते त्याला जरा सैलच झाले. रात्रीं पान वाढलें तेव्हां तो बराच वेळ दारांतच उभा होता. आईनें विचारलें, “कोठला रे तूं?” त्यानें वस्तीचें नांव सांगितलें. आई म्हणाली, “अरे, आमचे हे त्या बाजूच्या शाळेवर होते. पावसाळ्यांत नाल्याला पूर आला म्हणजे तुमच्याच वस्तीवर राहावयाचे. चार चार दिवस जेवले आहेत तुमच्याकडे. बैस.” माझ्या वडिलांची ही गोष्ट मीं त्यापूर्वीं कधीं ऐकली नव्हती. नानांनीं ऐकली असावी. त्यांनीं आपला पाट थोडा सरकवून घेतला.

पहिला सराव सामना आषाढाच्या आरंभीं, शेजारच्या तालुक्यांतील मुलांशीं झाला. काळ्या मातीचा चिखल इतका कीं दोन बूट तळाशीं राहिले ते दुसऱ्या दिवशीं खणून काढले. आम्ही एकाविरुद्ध तीन गोलांनीं हरलों. त्यांतला एक गोल गोली आणि नवा बॅक एकमेकांवर आदळल्यामुळेंच झाला, हें मीं आधींच सांगितलें होतें. जो एक आम्हीं केला तो नववींतल्या एका पोरानें, डाव्या पायानें. संध्याकाळीं सगळे चिखलानें माखून मागच्या दारीं आले, वहिनींनीं विहिरीवर घागरी भरून ठेवल्या होत्या. नाना ओटीवर वही उघडून बसले होते. त्या दिवशीं सकाळचा साडेसातचा पाठ चुकला होता. चेंडू आतां कपाटांत जाणार, अशी आमची खात्री होती. त्यांनीं चष्मा काढून पुसला आणि पुतण्याला विचारलें,

“दुसरा गोल झाला तेव्हां ‘माझा’ म्हणून हांक कोणीं दिली होती?”

“दोघांनींहि, नाना.”

“मग उद्यां पहाटे तेवढेंच करा,” असें म्हणून त्यांनीं वहीचें पान उलटलें आणि दोघांसहि समोर बसावयास सांगितलें. आश्रमशाळेच्या मुलाचें गणित बरें आहे, असें त्यांचें मत पडलें.