बंध म्हणजे फक्त दोरी नव्हे



नातवाच्या वाढदिवसाला सायबेरियन हस्की आणायचा घाट आमच्या घरात घातला गेला आणि मी सरळ नाही म्हटलं. नातू चार दिवस माझ्याशी बोलत नाही. सून म्हणाली, "आई, तुम्ही एवढी जीवदया सांगता आणि साधा कुत्रा नको?" जीवदया आहे म्हणूनच नको.

हस्की ही फार जुनी जात. ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी ती बर्फावरची गाडी ओढायला जोपासली. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या गाड्यांनी आळीपाळीने सुमारे १०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोचवलं. त्यात हस्की होते. असा जीव आम्ही सांगलीच्या मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावर ठेवणार!

"एसी लावू की." एसीत तो पळणार कुठे? त्याला रोज भरपूर दमवावं लागतं. नाहीतर तो उकरतो, कुरतडतो, संधी मिळताच पळून जातो. "मग केस कापू." त्याचे केस दुहेरी असतात, वरचे राठ, आतले मऊ. ते भादरले तर ऊन थेट कातडीला लागतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, बिचारा धापा टाकूनच थंड होतो. आणि खाणं? त्याचे पूर्वज मासे आणि सीलच्या मांसावर वाढले. ते आपल्या घरात येणार नाही. मग दूध-पोळीवर ठेवून आपण धर्म पाळला म्हणायचं, की त्याची आबाळ केली?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. आपण वध करत नाही म्हणून निश्चिंत असतो. पण यादीत पहिला आहे बंध. पळण्यासाठी जन्मलेल्याला चार भिंतींत कोंडणं हा बंध नाही तर काय?

मी बी.कॉम. आहे, हिशेब मला कळतो. या व्यवहारात कौतुक सगळं आपल्या खाती जमा आणि त्रास सगळा त्याच्या नावे. अशी वही मी मांडणार नाही.

कुत्र्याचा लळाच हवा असेल तर आपल्या गल्लीतली गावठी पिल्लं आहेत, इथल्या उन्हाला सरावलेली. त्यांना पाणी ठेवा, लस टोचून आणा, घरात घ्या.

नातू रुसलाय, रुसू दे. तो आठवड्याभरात विसरेल. हस्कीला मात्र आमच्याकडे बारा वर्षं काढावी लागली असती.